एका ओट्यावरची चाळीस माणसं

सोम. १० नोव्हें., पिंप्राळ्याच्या खोलीवर

सकाळी आठला कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या ॲपवर आठवड्याच्या वेळा उघडल्या. शेतकऱ्याने गाडी नं. नि सातबाऱ्याचा फोटो टाकला की कापूस आणायची वेळ मिळते, गेटवर ट्रॅक्टरची रांग नको. ॲप आमच्या ऑफिसचं. तीन सर्व्हर, नि त्यांच्यात लोकांची वाटणी करणारा लोड बॅलन्सर मी लावलेला. सगळीकडे मस्त. फक्त आमच्या गावात दर सोमवारी रखडतं, आज पार बसलं. घरच्या ओट्यावरून आबांचा, माझ्या वडिलांचा, फोन, "माय, आठे चाळीस लोके बसेल शेतस. नुसता गोल फिरी ऱ्हायना." ॲप गावाच्या गळी त्यांनीच उतरवलेलं. नाक त्यांचं कापलं गेलं, माझ्यामुळे.

मंगळ. ११

सापडलं. लाजच वाटली.

वाटणी मी आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून लावलीय. माणूस ज्या पत्त्यावरून येतो त्यावरून त्याचा सर्व्हर ठरतो, नि दरवेळी तोच मिळतो. अर्धा भरलेला फॉर्म तिथेच असतो ना, म्हणून. पण आबांच्या ओट्यावर सगळे शेजारच्या वाचनालयाच्या वायफायवर! मोबाईल चाळीस, बाहेरून पत्ता एकच. सगळे दोन नं.वर. तो घामाघूम, एक नि तीन माश्या मारताहेत. पंगतीत गावागणिक वाढपी नेमावा नि अख्खं वऱ्हाड एकाच गावचं निघावं, तसं. त्याच गावात वाढले, नि मला हे सुचू नये?

गुरु. १३

आबांना म्हटलं, सोमवारी ज्याने त्याने घरूनच भरा, आपापल्या डेटावर. पत्ते बऱ्यापैकी वेगळे होतील.

ते म्हणाले, "आपापला घर भरतीन, मंग आठे कोन येई?"

आई गेल्यापासून ओट्यावर चिटपाखरू नव्हतं. या सोमवारांमुळे माणसं येतात, चहा होतो, आबा दाढी करून बसतात. मला हे आत्ता कळतंय. फोन ठेवल्यावर रडले.

माणसं हलवायची नाहीत. सेटिंग बदलायचं.

रवि. १६, गाव

केलं. नवा माणूस आला की सर्वांत मोकळ्या सर्व्हरकडे, नि त्याच्या मोबाईलात एक बारकी चिठ्ठी ठेवायची. पुढे पत्ता नाही, चिठ्ठी बघायची. फॉर्मही हरवत नाही. काल तीनदा तपासलं.

दुपारच्या एसटीने आले. शेवभाजी तयार. आबा म्हणे मीच केली. साफ खोटं, शेजारच्या भिका नानांच्या सुनेच्या हातची चव. दोनदा घेतली.

सोम. १७

आठला ओटा भरला. आठ बाराला सगळ्यांचं झालंसुद्धा! तिन्ही सर्व्हरवर सारखी माणसं. भिका नाना म्हणाले, "पोरनी बठ्ठासनं काम करी टाकं!" मी फुगले.

आणि एकेक जण उठला. वेचणीला मजूर थांबलेले. पाच मिनिटांत ओट्यावर मी, नाना, आणि चाळीस कपांचं आधण ठेवलेले आबा. माणसं इतके दिवस का बसत होती ते तेव्हा कळलं. गोल फिरत होता म्हणून.

वाटलं, आबा आता मला बोलतील. त्यांनी पातेलं उतरवलं, तिघांना चहा ओतला. "पुढला सोमवारे चहा साडेसातलेच ठेवसू. काम आठले. दखू कोन येस."

मी पुढच्या सोमवारची रजा टाकलीय. निदान तीन कप तरी लागतील.