राबिगाचा उजवा हात

मी, तोक्तार बैसेइतोव, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त खाणकामगार, राहणार कारागांदा, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, फुप्फुसं नाहीत. कोळशाच्या धुळीने ती निकामी झाली असून, मी हा हिवाळा काढेन असं डॉक्टरही सांगत नाहीत. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट, हा विषय काढला की माझी दोन्ही मुलं खोलीतून उठून जातात. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. राहता दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या पश्चात माझी पत्नी राबिगा हिच्या एकटीच्या मालकीचा राहील. तिच्या हयातीत तो कोणी विकू नये, आणि ‘आईला आमच्याकडेच नेतो’ म्हणून त्याला कुलूपही घालू नये. झांदोस, पोरा, हे तुला उद्देशून.

कलम २. गाडी, गॅरेज आणि सगळी हत्यारं मुलगा झांदोस याला. नट-बोल्टचे पाने जर्मन आहेत. उसने देऊ नयेस.

कलम ३. माळ्यावरचं करड्या रंगाचं जुनं व्हिडिओ गेमचं यंत्र शेजारी बुलात याला परत करावं. ते त्याचंच आहे. गेली सत्तावीस वर्षं मी जिन्यात त्याच्याशी भांडत आलो की त्याने ते बक्षीस दिलं होतं. दिलं नव्हतं. झांदोस आणि गौहर दोघांना एकदमच कावीळ झाली, चाळीस दिवस अंथरुणातून उठायचं नाही असं फर्मान निघालं, तेव्हा त्याने ते आठवड्यापुरतं आणून दिलं होतं.

आम्ही चौघं एकाच पलंगावर बसून खेळायचो. माझ्या डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं खाणीत गेलेली, त्यामुळे सगळ्यांत आधी मी बाद. राबिगा पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायची. वीस वर्षं दोन्ही हातांनी दांडे ओढलेली बाई ती! पोरं शाळेत सांगत फिरायची, “आमची आई मरतच नाही!” यंत्र परत गेलं असतं तर तो पलंग रिकामा झाला असता, म्हणून मी खोटं बोललो. बुलातने माफ करावं. नाही केलं तरी यंत्र द्यावं.

कलम ४. मोठ्या खोलीतलं नवीन यंत्र राबिगाचं. ते कपाटात ठेवू नये.

याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे. चार वर्षांपूर्वी राबिगाला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. हाताच्या व्यायामाला ती हात लावू देईना. दिवसभर भिंतीकडे तोंड. एका दुपारी मी तिच्या शेजारी बसून एकटाच खेळत होतो. पडद्यावरचा घोडेस्वार माझ्या थोट्या हाताने सरळ चालेना, सारखा नदीत पडे. सहाव्यांदा पडला तेव्हा राबिगाचा डावा हात आला आणि त्याने माझ्या हातातल्या खेळण्याची, म्हणजे बटणांच्या कंट्रोलरची, डावी बाजू माझ्याकडून काढून घेतली. उजवी बाजू माझ्याकडेच ठेवली.

तेव्हापासून ती घोडा चालवते, मी उडी मारतो. उडीची वेळ आली की ती गुडघ्याने माझा गुडघा दाबते. चार वर्षांत आम्हाला शब्द लागला नाही. जिंकलो की ती हसते, तोंडाच्या डाव्या बाजूने.

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशीच्या जेवणात घोड्याचं मांस असावं, भाषणं नसावीत. खाणीच्या युनियनवाल्यांना बोलवावं, पण बोलू देऊ नये.

कलम ६. माझ्यामागे उजवी बाजू कोण धरणार, हे मला या कलमात लिहायचं आहे.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. झांदोस अस्तानाहून रविवारी आला, त्याला तिच्या शेजारी बसवलं. दोन उड्यांनंतर तो म्हणाला, “आई, आण इकडे. तू नुसती बघ.” जिथे आम्ही तीन आठवडे अडकलो होतो ते त्याने अर्ध्या तासात पार केलं आणि वळून विचारलं, “खूश?” ती भिंतीकडे बघत होती. पुढच्या वेळी त्याने एका हाताने खेळता येईल असं खेळणं आणलं. पोरगं वाईट नाही. मी तिला विचारलं, “राबिगा, एकटी खेळशील?” तिने ते उचललं आणि मोज्यांच्या खणात टाकलं.

गौहरला विचारलं. ती औषधाच्या दुकानात दिवसभर उभी असते.

“बाबा, माझे पाय सुजलेत बघा. आणि तुम्ही मला बटणं दाबायला सांगताय?”

“एकच बटण आहे ग.”

“रोज?”

“रोज.”

“आणि किती वर्षं?”

 मग तिलाच तसं विचारल्याचं वाईट वाटलं, आणि ती भांडी घासायला उठली.

नोटरीबाईंनी कच्चा मसुदा वाचून चष्मा काढला. “आजोबा, घर देता येतं, गाडी देता येते. हे कायद्यात बसत नाही.”

“मग कसं करू?”

“मुलांशी बोला.”

बोलून झालं होतं. गेल्या मंगळवारी खेळताना मला खोकल्याची उबळ आली. राबिगाने गुडघा दाबला, मला बटण सापडेना. तिने घोडा काठावर उभा केला आणि थांबली. मी खोकत राहिलो, ती थांबून राहिली. मग तिने खेळणं मांडीवर ठेवलं आणि डाव्या हाताने माझी पाठ चोळू लागली. घोडा तिथेच उभा होता. त्या दिवशी पुढे खेळलो नाही.

या कलमात नावाची जागा मी कोरी सोडली होती. कोरी जागा ठेवून सही करता येत नाही, असं नोटरीबाई म्हणतात. म्हणून तिथे मी मुलगी गौहर हिचं नाव घातलं आहे. नाव घालतोय हे तिला न सांगता. पोरी, मला दुसरं नाव सुचलं नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे.

लिहून देणार: तोक्तार बैसेइतोव (सही)

साक्षीदार:
१. बुलात इस्काकोव, शेजारी (सही. कलम ३ वाचून केली.)
२. मरियाश अब्देनोवा, परिचारिका (सही)

ठिकाण: कारागांदा
दिनांक: १४ डिसेंबर २०२३