न बांधलेले गाऱ्हाणे

ग्रामदेवतेच्या कृपेने वाचा अजून शाबूत आहे. तिला वंदन करून लिहितो.

मी, गंगाराम सखाराम पराडकर, वय एकोणऐंशी, राहणार तोंडवली, तालुका मालवण, शुद्ध बुद्धीने व कोणाच्याही दडपणावाचून, माझ्या पश्चात पुढील व्यवस्था व्हावी असे लिहून ठेवतो.

१. घर व माडांची बाग पुत्र सुदेश आणि कन्या दीपिका यांस समसमान. ग्रंथ सुदेशची कन्या सृष्टी हिला, वाळवीपासून जपावेत.

२. देवळात भक्तांकरिता गाऱ्हाणे घालण्याचा मान आमच्या घराण्याचा. गावाबाहेरच्यांसाठी सृष्टीने मला जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकवून त्याचे फंक्शन लिहविले. ते मजकूर जुळवते, मी मोबाइलवर पाहून देवापुढे म्हणतो. त्यातील ‘धिस’ म्हणजे ज्याच्याकरिता विनवणी, तो. संकल्पात यजमान पालटतो, मंत्र तोच राहतो, तसे. ‘कॉल’ने यजमान नेमून अडचण, नवस एकेक सांगावे, ‘अप्लाय’ने तेच एका यादीत द्यावे. ‘बाइंड’ मात्र यजमान कायमचा जखडतो. मागाहून कॉलने दुसरे नाव दिले तरी मानले जात नाही.

३. पहिला मान आपला, म्हणून सुदेशने आपल्या नावाने बाइंड केलेली प्रत विनंती धाडण्याच्या बटणाला जोडली. सृष्टी म्हणाली, “बाबा, मगे सगळ्यांचा गाऱ्हाणा तुमच्याच नावान जातला.” तो म्हणाला, “जाऊंदे गो, देवाक समाजता.”

दीपिकेने पतीच्या शस्त्रक्रियेदिवशी मुंबईहून विनंती धाडली व फोनवर ऐकत राहिली. आजार तिच्या घरचा, नवस तिचा, नाव सुदेशचे. ते उच्चारून झाल्यावरच माझ्या ध्यानी आले. मंडळींनी “व्हय महाराजा” म्हटलेही. दीपिका एवढेच म्हणाली, “आबा, माजा नाव खंय?”

पती वाचले नाहीत. नाव बरोबर असते तर वाचले असते, असे शास्त्र सांगत नाही. हे तिला कळवले. ती पुन्हा माहेरी आली नाही.

४. बाइंडने मूळ फंक्शन बदलत नाही. बांधलेली प्रत निराळी होते. ते मूळ, कोणाच्याही नावाचे न झालेले, मी दीपिकेस देतो. बांधलेली प्रत सृष्टीने काढून टाकावी. सुदेशने आड येऊ नये. हे रागाने नव्हे, खेदाने लिहितो.

५. माझे सुतक फिटल्यावर पहिले गाऱ्हाणे दीपिकेने स्वमुखाने घालावे. रूढी स्त्रीस हा मान देत नाही, मी देतो. कोणाकरिता, ते तिने ठरवावे. तिला आणावयास सुदेशने स्वतः जावे. ती न आली, तर ते गाऱ्हाणे कोणीही घालू नये.

साक्षीदार: मुस्तफा हसन मुजावर, लक्ष्मी बाबली खोत. (सह्या)
स्थळ: तोंडवली. माघी पौर्णिमा, दि. १२ फेब्रुवारी २०२५.
गंगाराम सखाराम पराडकर (सही)

हे जो वाचील, त्याची हाक देव त्याच्याच नावाने ऐको. त्याचे व त्याच्या घरच्यांचे कल्याण असो.