पाया पडताना

कऱ्हाटी

अक्का,

तुला घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मीच लई घाबरलीया. फोन ह्यांच्या खिशात हाय, म्हणून कागद घेतला.

डोस्क्यातली गाठ नाकातनं दुर्बीण घालून काढली. वरून टाका न्हाय, पट्टी न्हाय. भेटायला येणारं माणूस माझं तोंड न्याहाळतं आणि म्हणतं, "हिला कुठं काय झालंय?" डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं न्हाय, नाक शिंकरायचं न्हाय, नाकातनं पाणी आलं तर तडक दवाखान्यात यायचं.

मगाशी थोरल्या चुलत सासूबाई आल्या. पाय पुढं करून बसल्या आणि म्हणाल्या, "चांगली धडधाकट तर हाय. पाया पडायलाबी ऑपरेशन आडवं येतं व्हय?" सगळी माझ्याकडं बघाय लागली. ह्यांनी मान फिरवली. मी डोक्यावर पदर घेतला आणि वाकून त्यांच्या पायाला कपाळ टेकवलं. "अखंड सौभाग्यवती हो," म्हणाल्या. त्यातबी आयुष्य ह्यांचंच मागितलं.

उठले तवा नाकातनं ओठावर पाणी आलं. खारट लागलं.

मी आतल्या खोलीत हाय. बाहेर चहा चाललाय. सांगितलं तर म्हणतील, पाया पडायला लावलं म्हणून सोंग करतीया. तू आत्ता इंदापुरात नको होतीस, हितं पायजे होतीस.

हे पत्र राहू दे, लिहितानाबी मान खाली जातीया. आता ह्यांना हाक मारते. कागदावर थेंब पडल्यात, पण मी रडत न्हाय, अक्का.

मान वर धरून बसलेली,
तुझी सोनम