आईच्या हिरड्या आणि मिश्री

निपाणी, मंगळवार, दिवेलागण

तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला. आई पुन्हा मिश्री करत होती! बेळगावच्या दातांच्या डॉक्टरांनी कालच तिच्या हिरड्या चिरून पू काढला आणि बजावलं, "मिश्री लावू नका. दुखणं दबेल, पण पू आत हाडापर्यंत जाईल."

मी तवा ओढला. आई म्हणाली, "मिश्रीनं दुखायचं थांबलंय गं. तुझ्या डाक्टराला काय कळतंय? तुझ्या आप्पास्नी सांगशील तर बघ!"

काय करू? वास अजून घरभर आहे. तिचा गाल सकाळपेक्षा सुजलाय. आत्ता पाणी दिलं, तर तोंड बोटभरही उघडेना. तरी मान हलवून खुणावतेय, सांगू नको.

दारात आप्पांच्या वहाणा वाजल्या. सांगणारच.