काळ्या डोक्याचा खंड्या

३ जानेवारी, सकाळी ६.४०
सोसायटीच्या तळ्यावर काळ्या डोक्याचा खंड्या! दुर्मिळ. लाल चोच, निळी पाठ, डोकं काळंकुट्ट. धुकं होतं, पण अनुभवी नजरेला धुकं आड येत नाही. एकवीस तारखेला पक्षीसमितीचा प्रमुख निवडायचाय. निवडायचाय कसला, मीच.

५ जानेवारी
स्वखर्चाने सचित्र पाटी करायला टाकली: 'येथे काळ्या डोक्याचा खंड्या आढळतो.' पेंटर तळ्यावर जाऊन आला. म्हणाला, साहेब, डोकं चॉकलेटी आहे, रंग हा माझा धंदा आहे. म्हटलं, पक्षी हा माझा विषय आहे. काळ्याचे दोन हात जास्त द्यायला लावले.

८ जानेवारी
पाटी सिमेंटमध्ये बसवली. आता ती हलत नाही. मीही.

९ जानेवारी
बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तळ्याकडे पाठ. म्हणाली, अहो, ओरडला बघा तुमचा. आधी किंचाळतो, मग उतरत्या सुरात खिदळत जातो, तो पांढऱ्या छातीचा, साधा खंड्या. माहेरच्या विहिरीवर रोज ऐकायचे. म्हणजे ऐकीव माहिती!
संकल्प: रोज एक तास आवाजांचा अभ्यास.

१० जानेवारी
सर्दी. अभ्यास सोमवारपासून.

१४ जानेवारी
खंड्याला पाटी आवडली. दिवसभर तिच्यावरच बसतो, माझ्या चित्राच्या बरोबर वर. लोक एकदा वर बघतात, एकदा खाली. डोकं उन्हाने विटलं असावं. गळ्याखाली पांढरं दोन्ही जातींना असतं, पुस्तकातच आहे. पोटाचा रंग जुळत नाही, पण सभ्य माणूस पोटाकडे बघत नाही.

१७ जानेवारी
तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काळं डोकं कुठंय? म्हटलं, चित्रात. पक्ष्याने निदान प्रयत्न तरी करावा.

२१ जानेवारी, दुपारी
निवड. बाहेरून तज्ज्ञ आले होते. मी 'मित्रहो' एवढंच म्हणालो आणि खंड्या पाटीवर बसून लांबलचक खिदळला. तज्ज्ञांनी दुर्बीणसुद्धा उचलली नाही. म्हणाले, पांढऱ्या छातीचा. म्हटलं, अहो, बघून तरी घ्या! म्हणाले, ऐकलं की.
प्रमुख: बायको. एकमताने. माझं मत मोजलेलं दिसत नाही.

२४ जानेवारी
पाटी उपटता येईना, म्हणून समितीने तिच्यावर नवा मजकूर रंगवून घेतला: 'तळ्यात मासे पकडण्यास सक्त मनाई.' अंमलबजावणी माझ्याकडे. हेही पदच आहे. कोणाचीही गय करणार नाही.
सकाळपासून एकच गुन्हेगार. पाटीवरच बसून सहा मासे. जवळ जाऊन खडसावलं.
हसला.