दोरीचा पंखा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसले तीही संतापून.

हिंगणीजवळच्या त्या सरकारी विश्रामगृहात तुम्ही खानसामा होतात. इमारत इंग्रजांच्या वेळची. हॉलच्या छताला लाकडी पंखा टांगलेला आणि त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर काढलेली. ओढणारा बाहेर बसायचा, साहेबाला त्याचं तोंड दिसू नये म्हणून. नव्वदच्या दशकातला मे महिना होता. मी नागपूरला आर्किटेक्चर शिकत होते, सुटीत तुमच्याकडे आले होते. भर दुपारी लाइट गेली. जेवायला बसलेल्या एका पाहुण्याला गंमत सुचली आणि त्यानं तुम्हाला दोरी ओढायला लावलं. तुम्ही बाहेर उकिडवे बसून ओढताय, आत हसणं चाललंय, कुणी उठून तुमचा फोटो काढतोय. ते गेल्यावर मी चिडून बोलले, तर भांडी आवरता आवरता तुम्ही एवढंच म्हणालात, "मी सयपाक करतो माय, पंखा नाई ओढत. थे त्याईले समजाले पायजे होतं."

पुढे वर्ध्यात माझं ऑफिस झालं. सातपुड्यात डोंगरावर महागडं हॉटेल बांधायचं काम आलं. मालक कारंज्याचा, बापाच्या धाब्यावरून वर आलेला. त्याला सगळं इंग्रजांच्या काळातलं हवं होतं. तसल्या इमारतीत मी वाढलेली, मन लावून नकाशे काढले. बांधकाम संपत आलं तेव्हा त्यानं जेवणाच्या हॉलमध्ये दोरीचा पंखा मागितला, आणि ओढायला फेटा बांधलेला, अनवाणी माणूस. एसी बसवलेलाच होता. मग पंखा कशाला, मी विचारलं. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाइकाले साहेब झाल्यासारखं वाटलं पायजे. इथल्या माणसाले कामच भेटून राह्यलं ना, तुमाले काऊन खुपते?"

इंग्रज गेले त्याला किती काळ लोटला, आणि आपल्यातलाच एक जण ती लाचारी पुन्हा उभी करून तिकिटावर दाखवणार होता. भिंतीला भोक पाडायला मी नकार दिला. त्यानं ते दुसऱ्याकडून पाडून घेतलं. मी काम सोडलं.

हॉटेल जोरात चालतं. ओळखीचे लोक तिथले फोटो कौतुकानं दाखवतात. फोटोच्या कोपऱ्यात, भिंतीबाहेर दोरी धरून बसलेला तो फेटेवाला असतो. त्याच्याकडे बोट दाखवून हसतात, आणि मला त्यांच्या घरचा चहासुद्धा गिळवत नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून सांगते. मागच्या महिन्यात त्या हॉटेलाखालच्या घाटातून जाताना मी गाडी हळू घ्यायला लावली. उतरत्या उन्हात मीच आखलेलं ते दगडकाम इतकं देखणं दिसत होतं, बाबा, की वळण संपेपर्यंत मी मागे वळून बघत राहिले.