माझा चिनी काढा आणि सुप्रभाची बरणी

३ फेब्रुवारी १९९१, रविवार. ब्रॅकनेल, इंग्लंड.
सुप्रभाला वॉटफर्डला मंजिरीकडे जाऊन महिना होऊन गेला. चार दिवस लेकीकडे राहते म्हणाली होती. जाताना उन्हाळ्याचेही कपडे नेले. पॅकिंगची अक्कल तिला पहिल्यापासूनच नाही.
कारण उघड आहे. माझा एक्झिमा. लग्न झाल्यापासून शेजारचा माणूस खराखरा खाजवतोय, कोण टिकणार? ती तसं कधी बोलली नाही. पण मी डॉक्टर आहे, लक्षणांवरून ओळखतो.
संकल्प: एक्झिमा बरा करायचा. सुप्रभा परत येईल.

५ फेब्रुवारी.
हातापायांना मलम लावलं. पाठीला हात पोचत नाही. दोन खांद्यांच्या मधला पट्टा सगळ्यात वाईट. तिथे रोज संध्याकाळी बातम्यांच्या वेळी सुप्रभा लावायची. आज लाकडी उलथन्याने लावून पाहिलं. निम्मं मलम पडद्याला लागलं. लागलं कुठे आणि राहिलं कुठे तेही कळेना. आपली पाठ आपल्याला दिसत नाही म्हणतात, ते मेडिकली अगदी खरं आहे.

१० फेब्रुवारी. बर्फ.
राजीवचा फोन. ईलिंगला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे, कॉलेजपासूनचा मित्र. त्याच्या एका पेशंटच्या मुलाचा एक्झिमा चिनी काढ्याने गेला म्हणे. मी हसलो. कन्सल्टंट अॅनेस्थेटिस्टने पाला उकळून प्यायचा? मग पत्ता लिहून घेतला. हॉस्पिटलमध्ये कुणाला सांगायचं नाही अशी राजीवला तंबी दिली.

१६ फेब्रुवारी, शनिवार.
मिसेस चॅन. लाँड्रीच्या वर दोन खोल्या. तिने जीभ पाहिली, दोन्ही मनगटांची नाडी पाहिली. झोप कशी लागते विचारलं. घरी कोण असतं विचारलं. बायको, म्हणालो. टेक्निकली बरोबर.
दूध, मासे, मिरची, आंबट, लोणची बंद. काढा धातूच्या भांड्यात करायचा नाही. पुड्यांत साली, मुळ्या आणि कसल्यातरी किड्यांची वाळकी टरफलं. मी जन्माचा शाकाहारी, कॉन्फरन्समधलं चिकन सोडलं तर. उकळल्यावर किडा मोजत नाहीत असं ठरवलं.

१७ फेब्रुवारी.
भांड्याचा प्रश्न. घरात सगळं स्टील. शेवटी कपाटात मागे, फडकं बांधलेली चिनी मातीची बरणी सापडली. चिनी औषधाला चिनी मातीचं भांडं, लॉजिक बिनतोड. आत लिंबाचं लोणचं होतं, काळंकुट्ट. सासूबाई गेल्या तेव्हा सुप्रभाने ते पुण्याहून विमानात मांडीवर धरून आणलं होतं. सासूबाईंच्या हातचं शेवटचं. मी तेव्हा गेलो नव्हतो. एप्रिलचं पुणं, घाम, माझी कातडी. तुम्ही नका येऊ, असं तीच म्हणाली होती. म्हणजे मी दोनदा विचारल्यावर.
लोणचं मला नाहीतरी वर्ज्य आहे. बिनमध्ये टाकलं. बरणी धुऊन, काढा भरून गॅसवर ठेवली. थोड्या वेळाने ती ताडकन फुटली. काढा सगळा शेगडीवर. बरणीतच मूळचा दोष असणार.

२४ फेब्रुवारी.
मिसेस चॅनकडून मातीचं भांडं आणलं. काढा एकदाचा झाला. लहानपणी आईने नाक दाबून पाजलेलं काडेचिराईत यापुढे सरबत. शेजारच्या मिसेस प्रिचर्डने दार वाजवून, तुमची ड्रेन तुंबली आहे का, असं फार अदबीने विचारलं. इंडियन कुकिंग, म्हणालो. तिने लगेच मान डोलावली, याचं वाईट वाटलं.

१० मार्च.
सुप्रभाला फोन. माझ्या त्वचेबद्दल सविस्तर सांगितलं. नाडी, टरफलं, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, तिला तिथल्या लायब्ररीत नोकरी लागली आहे. मी म्हटलं, छान, तोपर्यंत वेळ जाईल. तिने विचारलं, कधीपर्यंत? लाइन खराब असावी. मी भांडं उतरवायला गेलो, येईपर्यंत फोन बंद झाला होता.

१७ मार्च, पाडवा.
मराठी मंडळाचा कार्यक्रम. पथ्य मोडायचं नाही असा निश्चय करून गेलो. श्रीखंड दोन वाट्या. दुधाचं दही, दह्याचा चक्का, चक्क्याचं श्रीखंड, इतक्या पिढ्यांनंतर ते दूध राहत नाही.
मंडळाच्या आशाताईंनी विचारलं, सुप्रभा कुठे? मंजिरीची कंबर धरली आहे, म्हणालो. घरी येऊन खूप खाजवलं. गुढी उभारायची राहिली. ती सुप्रभाच उभारते, साखरेच्या गाठी कुठे ठेवते मला माहीत नाही.

२१ मार्च.
मंजिरीचा फोन. आशाताई तिला कंबरेसाठी मेथीचे लाडू पाठवतायत. बाबा, माझा कंबरला काय झाला, म्हणाली. इथे जन्मलेल्या मुलांचं मराठी. मग म्हणाली, बाबा, आई इथेच राहते आता, तुम्हाला माहीत आहे ना? मी म्हटलं, अर्थात, एक्झिमा जाईपर्यंत. तिने बरं म्हणून फोन ठेवला. बहुतेक लाडवांचा विचार करत असावी.

१२ मे.
चमत्कार आहे. हात कोपरापर्यंत साफ. मीच माझ्या लिव्हर टेस्ट केल्या, नॉर्मल. ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर म्हणाली, डॉक्टर, तुमचे हात किती छान दिसतात. दिवसभर खूश होतो. घरी आलो तर हात दाखवायला कुणी नव्हतं. जेवलो नाही. काढ्याने भूक मरते.

१९ मे.
मंजिरी म्हणाली, आईला घरातलं दुसरं काही नको, फक्त ती लोणच्याची बरणी हवी आहे.
घाबरायचं कारण नाही. प्लॅन तयार आहे.

२५ मे, शनिवार.
ईलिंगला जाऊन तशीच बरणी आणली. बाटलीतलं लिंबाचं लोणचं आणलं. त्यात गूळ, काळं मीठ घालून मायक्रोवेव्हमध्ये फिरवलं. रंग हुबेहूब. मूळचं मी नीट पाहिलं नव्हतं, पण हुबेहूब. वरून जुनंच फडकं बांधलं.

८ जून, शनिवार. वॉटफर्ड.
थंडी असून हाफ शर्ट घातला. सुप्रभाने दार उघडलं. केस कापले आहेत. मी दोन्ही हात पुढे केले. तिने हात उलटा करून पाहिला, कोपराच्या खळगीत अंगठा फिरवला. छान झालं हो, म्हणाली. मनापासून म्हणाली. मला भरून आलं.
मंजिरीने चहा केला आणि ती आत गेली. मी म्हटलं, चल, आता काही अडचण उरली नाही, गाडी दारातच आहे.
सुप्रभा म्हणाली, अहो, मी खाजेला कंटाळून गेले असं वाटलं तुम्हाला? मलम लावताना मला बरंच वाटायचं. दिवसभरात तेवढा वेळ तुम्ही जवळ बसायचात. पाठ करून, पण बसायचात. आई गेली तेव्हाचं सगळं मी तुमच्या पाठीला सांगितलं. आणि आता मी जाते, ब्रॅकनेलच्या घरात माझा जीव लागत नाही, हेही चांगलं आठवडाभर सांगत होते. तुम्ही म्हणालात, जरा खाली, डावीकडे.
मला आठवत नाही. बातम्या चालू असतील.
मग तिने बरणीचं फडकं सोडलं, वास घेतला आणि परत बांधलं. आईचं कुठे आहे, विचारलं. खराब झालं होतं, म्हणालो. ती म्हणाली, मुरलेलं लोणचं खराब होत नाही, जितकं जुनं तितकं औषधी. तुमच्या प्रत्येक तापात मऊ भाताबरोबर त्यातलीच फोड देत होते.
रडली नाही. मी पाहत होतो, रडली नाही. बरणी कॅरियर बॅगेत घालून माझ्या हातात दिली आणि गाडी सावकाश चालवा म्हणाली.
येताना एम ट्वेंटी-फाइव्ह मोटरवेवर कडेला थांबावं लागलं. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. दोन्ही डोळ्यांत.

१४ जुलै, रविवार.
काल मिसेस चॅनने दोन आरसे धरून माझी पाठ मला दाखवली. डाग नाही. काढा बंद, आता येऊ नका, म्हणाली. सुप्रभाने वॉटफर्डला फ्लॅट घेतल्याचं मंजिरीकडून कळलं.
नवा संकल्प केला आहे. दूध, दही, मिरची, सगळं सुरू. मऊ भाताबरोबर रोज ते लोणचं खायचं. फार वाईट लागतं. एक्झिमा उलटला की सुप्रभाला फोन करायचा, पाठीला हात पोचत नाही म्हणून. ती नाही म्हणणार नाही. आणि या वेळी टीव्ही बंद ठेवायचा.
मलमाची नवी ट्यूब आणून ठेवली. संध्याकाळी शर्ट वर करून, सोफ्यावर नेहमीसारखा पाठ करून बसलो. बातम्या संपल्या. हवामानही झालं.
खाज आली नाही.